त्र्यंबकचा पाऊस, कोपरगावचे शेत

जुलै महिन्यात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर जाण्याचा योग आला, तर छत्री नेऊ नका. तिचा काही उपयोग होत नाही. तेथे पाऊस वरून पडण्याऐवजी समोरून अंगावर येतो आणि छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. त्यापेक्षा घोंगडी बरी. डोक्यावरून घोंगडी घ्या आणि डोंगराच्या धारेवर क्षणभर उभे राहून पायांजवळून वाहणारे पाणी नीट पाहा.

या धारेवर अगदी शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांचे नशीब निराळे असते. जो थेंब पश्चिमेच्या उतारावर घरंगळला, तो वैतरणेच्या खोऱ्यात जातो. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तर अवघा ऐंशी किलोमीटर. वाटेत वैतरणेवरच्या धरणात अडकला, तर तोच थेंब मुंबईत एखाद्याच्या नळातून बाहेर पडेल. दुसरा थेंब पूर्वेच्या उतारावर पडला. तो गोदावरीचा झाला. त्याच्यापुढे १,४६५ किलोमीटरची वाट आहे. सारा महाराष्ट्र आणि तेलंगण ओलांडून, आंध्र प्रदेशात तो बंगालच्या उपसागराला मिळतो. मिळतो म्हणजे, वाटेत कोणी अडवले नाही तर!

आज आपण या दुसऱ्या थेंबाच्या मागे जाणार आहोत. मात्र समुद्रापर्यंत नाही, फक्त पैठणपर्यंत. कारण या थेंबावर हक्क सांगणारे बरेच जण वाटेत उभे आहेत.

पाऊस कुठे, शेत कुठे?

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात. डोंगरामुळे ओलसर हवेला वर चढावे लागते. वर गेली की ती थंड होते आणि थंड हवेला तितकी वाफ पोटात ठेवता येत नाही. उरलेली वाफ पाणी होऊन घाटमाथ्यावर कोसळते. डोंगर ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरू लागते, गरम होते आणि कोरडी पडते. हे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेलच. आता त्याचे आकडे पाहा. त्र्यंबकेश्वरला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून तीस किलोमीटरही दूर नसलेल्या नाशिकला तो सुमारे सातशेवर येतो. आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटर पूर्वेला कोपरगावला गेलात, तर साडेचारशे-पाचशेच्या आसपास. म्हणजे सकाळी एस.टी.त बसून दुपारच्या जेवणापर्यंत तुम्ही चौपट पावसाच्या प्रदेशातून एकपट पावसाच्या प्रदेशात पोचता.

आता एक सोपे गणित करू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर दोन हजार मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर पाऊस पडला, तर वीस हजार घनमीटर पाणी झाले. एका हेक्टर उसाला वर्षभरात साधारण एवढेच पाणी लागते! पण त्र्यंबकला ऊस होत नाही. तेथे तीव्र उतार, पातळ माती आणि खाली कातळ. ऊस, गहू, कांदा पिकवणारी खोल काळी जमीन आहे ती निफाड, कोपरगाव, पैठण या बाजूला. पाऊस एकीकडे आणि माती दुसरीकडे, अशी ही निसर्गाची वाटणी आहे.

आणखी एक विरोधाभास सांगतो. दोन हजार मिलिमीटर पावसाच्या त्र्यंबक तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत विहिरी कोरड्या पडतात आणि बायाबापड्यांना डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरावी लागते. असे का व्हावे? आपला सह्याद्री बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. यांतला घट्ट थर पाणी जवळजवळ मुळीच धरत नाही. ते फक्त भेगांतून झिरपते आणि दोन थरांच्या सांध्यावर झरा होऊन बाहेर पडते. गंगाद्वारापाशी दिसणारी गोदावरीची बारीक धार अशाच एका झऱ्याची. म्हणून पाऊस पडणे आणि पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार महिन्यांत पडलेले पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी कोठेतरी धरून ठेवावे लागते.

मातीची भिंत पाणी कशी अडवते?

त्र्यंबकहून नाशिककडे येताना डाव्या हाताला काही अंतरावर गंगापूरचे धरण आहे. १९६५ मध्ये ते पूर्ण झाले. जवळजवळ चार किलोमीटर लांब आणि सुमारे छत्तीस मीटर उंच अशी ही भिंत सिमेंटची नाही, दगडी नाही, तर चक्क मातीची आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या मातीच्या धरणांत हे अगदी सुरुवातीचे. (दुसरे एक गंगापूरही आहे. तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका. दोघांची गल्लत करू नका. वर्तमानपत्र वाचताना मोठी माणसेही करतात.)

मातीच्या ढिगाने पाणी अडते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. अंगणात मातीचा बांध घालून पाहा. दहा मिनिटांत तो विरघळून जाईल. मग धरण का विरघळत नाही?

पहिली गोष्ट, माती एका प्रकारची नसते. भिंतीच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. तिचे कण इतके बारीक की त्यांच्यामधून पाणी अगदी सावकाश सरकते. हा गाभा जमिनीच्या वर उभा करून भागत नाही. खाली खंदक खणून तो पक्क्या खडकापर्यंत नेतात, नाहीतर पाणी भिंतीच्या पायाखालून वाट काढील. गाभ्याच्या दोन्ही अंगांना जाड, मुरमाड मातीचे आवरण. ते पाणी अडवण्यासाठी नसते, वजनासाठी असते. गाभा चिकट खरा, पण ओला झाला की घसरतो. आवरण त्याला दोन्हीकडून दाबून धरते.

दुसरी गोष्ट, माती टाकायची ती वीतभर जाडीच्या थरांत. प्रत्येक थरावर मोजके पाणी शिंपडून वरून रोलर फिरवायचा. कोरडी माती दाबली जात नाही आणि फार ओली झाली तर चिखल होतो. मधले नेमके प्रमाण प्रयोगशाळेत काढतात. पूर्वीच्या काळी तळ्याचे बांध घालताना ओल्या मातीवर गुरे फिरवत, तेव्हा त्यांच्या खुरांनी माती जशी दाबली जाई, तशीच दाबणारे खुंट्याखुंट्यांचे रोलर पुढे यंत्रयुगात आले. त्यांना इंग्रजीत मेंढीच्या पायांचेच नाव आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत हुशारीची वाटते. मातीची भिंत थोडी तरी झिरपणारच, हे इंजिनिअर आधीच मान्य करतात. झिरपणाऱ्या पाण्याला मोकळे सोडले, तर ते स्वतःबरोबर मातीचे कण ओढून नेते, आत बारीक बीळ पडते, बीळ मोठे होते आणि भिंत खचते. म्हणून गाभ्याच्या मागे वाळूची गाळणी ठेवतात. पाणी गाळणीतून जाते, मातीचे कण मागेच अडतात, आणि पायथ्याच्या चरातून स्वच्छ पाणी बाहेर पडते. धरणावरचा माणूस या चरातले पाणी रोज पाहतो. ते स्वच्छ असले तर काळजी नाही. गढूळ झाले, तर मात्र धावपळ!

एक पथ्य मात्र पाळावेच लागते. मातीच्या धरणावरून पाणी कधीही वाहू द्यायचे नाही. जास्तीच्या पाण्यासाठी पक्क्या बांधणीचा निराळा सांडवा आणि त्याला दरवाजे असतात. पावसाळ्यात ते उघडले की खाली नाशिकला गोदाघाटावर पूर येतो. तेथे दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती नदीच्या पात्रातच उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. पूर मोजण्याचे इतके चांगले उपकरण मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

नदीच झाली कालवा

गंगापूरच्या आधीही या खोऱ्यात मोठे धरण होते. इगतपुरीच्या बाजूला दारणा नदीवर १९१६ मध्ये ते बांधून झाले. ते का बांधले, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ नंतर काही वर्षे दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडले. माणसे आणि गुरे यांची अतोनात हानी झाली. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात कालवे काढण्याचा विचार पुढे रेटला. गोदावरीचे दोन कालवे त्यातून उभे राहिले.

त्यांची योजना मोठी साधी होती. दारणेचे धरण घाटमाथ्याजवळ, पाऊस भरपूर पडतो तेथे. कालव्याचे तोंड मात्र पुष्कळ खाली, नाशिकच्या पूर्वेस, निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर येथे. मधल्या अंतरात कालवा खणलाच नाही. धरणातून पाणी सोडायचे, ते दारणेतून गोदावरीत येते आणि नदीच्याच पात्रातून नांदूर मधमेश्वरला पोचते. तेथे दगडी बंधारा आहे. धरण आणि बंधारा यांतला फरक लक्षात ठेवा: धरण पाणी साठवते, बंधारा त्याची पातळी थोडी उंचावून त्याला वळवतो. बंधाऱ्यामुळे उंचावलेले पाणी दोन्ही काठांच्या दरवाजांतून उजव्या आणि डाव्या कालव्यात शिरते आणि निफाड, कोपरगाव, राहाता या भागांकडे निघते.

गोदावरी आणि कादवा यांचा संगम येथेच आहे. दोघींनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाणी उथळ झाले, लव्हाळे माजले. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने ही डोकेदुखी. पण दूरदेशीच्या पाखरांना ती इतकी मानवली की १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये त्याला महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून मान मिळाला.

किलोमीटरला वीतभर उतार

कालव्यात पंप नसतो. पाणी आपल्या वजनाने उताराकडे वाहते, एवढीच काय ती शक्ती. पण हा उतार किती द्यायचा, यात सगळी परीक्षा आहे.

उतार फार दिला, तर पाणी वेगाने धावून कालव्याचे काठ कापील. शिवाय कालवा लवकर खाली उतरेल आणि त्याच्याहून उंच असलेली शेते कोरडी राहतील. उतार फार कमी दिला, तर पाणी रेंगाळेल, गाळ बसेल आणि गवत उगवेल. अशा मोठ्या कालव्यांना साधारण एका किलोमीटरला वीस-पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर उतार देतात. तुमच्या शाळेच्या मैदानावर एवढा उतार असला तर तो डोळ्यांना दिसणारही नाही.

नदी मात्र कालव्याहून अधिक उताराने खाली जाते. त्यामुळे एकाच ठिकाणाहून निघालेले नदी आणि कालवा जसजसे पुढे जातात, तसतसा कालवा नदीपेक्षा उंच राहतो आणि दोघांमधले अंतर वाढते. या दोघांमध्ये सापडलेली जमीन म्हणजे कालव्याचे लाभक्षेत्र. ओढा आडवा आला की कालव्याला त्यावरून मोरीने किंवा खालून बोगद्यासारख्या नळाने जावे लागते. टेकडी आली की तिला वळसा. म्हणून नकाशात कालवा वाकडातिकडा दिसतो. तो वाकडा असला, तरी एका समपातळीच्या रेषेला धरून, पाऊल मोजून चाललेला असतो.

पाण्याचा वेगही पाहा. सेकंदाला साठ सेंटिमीटर धरा. नव्वद किलोमीटरच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचायला पावणेदोन दिवस लागतात. समजा, आज शेवटच्या गावात अचानक मोठा पाऊस झाला आणि पाणी नको, असा निरोप आला. तोंडाचा दरवाजा लगेच बंद केला, तरी वाटेतले पाणी येतच राहणार. उलट कोणाचे पीक आज सुकत असेल, तर त्याच्यासाठी दरवाजा परवाच उघडायला हवा होता.

कुणाची पाळी?

कालव्याला फांद्या फुटतात. मुख्य कालव्यातून वितरिका, तिच्यातून लघुवितरिका, तिच्यातून चारी आणि चारीतून शेवटी शेतातले पाट. पाणी मोजण्याचे माप क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक क्युसेक पाणी दिवसरात्र चोवीस तास वाहिले तर सुमारे २,४४६ घनमीटर होते. शेताला एका पाळीत आठ सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर तेवढ्यात तीन हेक्टर भिजतात.

हंगामाच्या आधी शेतकरी पाण्यासाठी अर्ज करतो. त्याला खेड्यापाड्यांत ‘सात नंबरचा फॉर्म’ म्हणतात. मग कालव्याला पाणी येते, त्याला आवर्तन म्हणायचे. चारीवर कोणी, कधी, किती वेळ पाणी घ्यायचे हे शेजपाळीने ठरते आणि ते पाहण्याचे काम पाटकऱ्याचे. पाळी रात्री दोन वाजता आली तर रात्री दोन वाजता. थंडीत कंदील, नाहीतर बॅटरी घेऊन गुडघाभर चिखलात दारे धरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर कांदा खाताना त्याची आठवण काढायला हरकत नाही.

खरी अडचण आहे ती शेवटच्या माणसाची. चारीच्या तोंडाशी असलेला शेतकरी म्हणतो, ‘माझे दार अर्धा तास जास्त उघडे राहिले, तर कोणाचे काय बिघडते?’ असे दहा जण म्हणाले की शेवटच्या शेतात पाणी पोचतच नाही. ही अडचण कालव्यांइतकी नवी नाही. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाणात आणि धुळ्याकडे पांझरा, मोसम या नद्यांवर कित्येक पिढ्यांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फड बदलायचे. पाणी देण्याचे काम शेतमालकाचे नाही. गावाने नेमलेले पाटकरी ते करीत. त्यामुळे पाण्याची चोरी करण्याचे कारणच फारसे उरत नसे.

प्रसिद्ध इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तरुणपणी धुळ्याच्या भागात नोकरीला होते. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुरू केली. तिच्यात जमिनीचे तुकडे आखून प्रत्येकाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पण त्यातला साधारण तिसरा हिस्साच उसाला आणि बाकीचा कमी पाण्याच्या पिकांना, असा नियम होता.

उसाला असे बांधून का घालावे लागले? पुन्हा गणित करा. रब्बी ज्वारीला आठ सेंटिमीटरच्या तीन पाळ्या दिल्या, तर तिचे बरे भागते. ऊस वर्षभर शेतात उभा. त्याला दोन मीटर पाणी लागते, म्हणजे अशा पंचवीस पाळ्या. थोड्या पावसाने भागल्या तरी वीस. उसाच्या एका हेक्टरच्या पाण्यात ज्वारीचे सात-आठ हेक्टर भिजतात. दुष्काळात ज्वारी जगवण्यासाठी काढलेले कालवे, पण चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीवाला पैसे भरून पाणी घेत नसे. ऊसवाला दरवर्षी घेई. सरकारला पाणीपट्टी हवी, शेतकऱ्याला रोख पैसा हवा, पुढे साखर कारखाने आले. दोष एकट्या शेतकऱ्याला देऊन मोकळे होता येत नाही.

पांढरा थर

जास्त पाण्याने आणखी एक नुकसान होते. ते तुम्ही घरी पाहू शकता.

बुडाला भोक नसलेली कुंडी किंवा डबा घ्या. त्यात काळी माती भरा. एका तांब्यात दोन चमचे मीठ विरघळवून ते पाणी मातीत घाला. मग डबा उन्हात ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे साधे पाणी घालत राहा. काही दिवसांत मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसू लागेल. पाणी बारीक छिद्रांतून वर चढते, वाफ होऊन उडते आणि मीठ मागे ठेवते. दुसऱ्या डब्याला बुडाशी भोके पाडून हाच प्रयोग करा. यावेळी साधे पाणी मात्र भरपूर घाला, म्हणजे मीठ धुऊन खालून निघून जाईल.

कालव्याच्या प्रदेशात हेच झाले. काळी माती पाणी सावकाश सोडते. वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिल्याने जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली आणि मातीतले क्षार वर येऊन बसले. पहिले कालवे सुरू होऊन थोडीच वर्षे लोटली, तोच सखल जमिनी चोपण आणि खारवट होऊ लागल्या. सी. सी. इंग्लिस या इंजिनिअराने १९२० च्या दशकात दख्खनच्या कालव्यांखालील अशा जमिनींचा अभ्यास केला. उपाय तुमच्या दुसऱ्या डब्यातलाच: जमिनीखालून चर काढून पाण्याला बाहेरची वाट द्यायची. पण डब्याला भोक पाडणे आणि शेकडो हेक्टरांना चर काढणे यांत फरक आहे! तेव्हा मुळात पाणी कमी द्यावे, हे बरे. आज नाशिकच्या द्राक्षबागांत ठिबकच्या नळ्या दिसतात, त्या थेंबाथेंबाने मुळांपुरतेच पाणी देतात.

नाथसागर

आता आपला थेंब पैठणला पोचला. येथे जायकवाडीचे धरण. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आधी हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. जागा बदलली, नाव तसेच राहिले. संत एकनाथांच्या पैठणला जे पाणी साठले, त्याला नाथसागर म्हणतात.

सागर हे नाव त्याला शोभते. भिंत दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७, आणि भरलेल्या तलावाचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. त्यात २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते, त्यातले २,१७१ दशलक्ष घनमीटर वापरता येण्याजोगे. गंगापूर धरणातल्या उपयुक्त पाण्याच्या हे तेरा पटींहून अधिक आहे. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर. या पाण्याखाली गोदाकाठची सुपीक जमीन आणि अनेक गावे गेली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मराठवाड्यातल्या शेतांना पाणी मिळावे म्हणून काही शेते पाण्याखाली गेली.

एकूण साठ्याला क्षेत्रफळाने भागा. सरासरी खोली किती येते? जेमतेम सव्वाआठ मीटर. म्हणजे हा सागर एखाद्या मोठ्या परातीसारखा उथळ आहे. सह्याद्रीतल्या अरुंद दरीत धरण बांधले की पाणी खोल साठते आणि त्याचे तोंड लहान राहते. पठारावर मात्र ते पसरते, आणि जितके पसरेल तितके ऊन त्याला पिते. पूर्ण भरलेल्या नाथसागराची पातळी केवळ एक सेंटिमीटर खाली गेली, की पस्तीस लाख घनमीटर पाणी गेले. आठ सेंटिमीटरच्या पाळीने चार हजारांहून अधिक हेक्टर भिजतील एवढे! आणि ऐन उन्हाळ्यात एका दिवसात सेंटिमीटरभर पाणी उडणे ही आपल्याकडे विशेष गोष्ट नाही.

पंधरा ऑक्टोबर

नाथसागराला पाणी मिळते ते वरून: गोदावरी, दारणा, कादवा, प्रवरा, मुळा या नद्यांतून. आणि वरच्या प्रत्येक नदीवर धरणे आहेत, त्यांतली काही जायकवाडीनंतर झाली. पाऊस चांगला असला की वरची धरणे भरून सांडतात आणि खालचे भरते. पाऊस कमी झाला, की पाणी वरच अडते. २०१२ मध्ये असेच झाले. नाथसागर तळाला गेला. मराठवाड्यातले लोक म्हणाले, ‘नदी सर्वांची आहे, पाणी सोडा.’ नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले लोक म्हणाले, ‘आमच्या बागा वाळतील, शहरांना पिण्याचे पाणी पुरणार नाही, आणि सोडलेले निम्मे पाणी वाटेतच मुरेल.’ दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. कोरड्या पात्रात पाणी सोडले, तर आधी वाळू तहान भागवते. म्हणून पाणी सोडण्यापूर्वी वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि काठावरच्या पंपांची वीज बंद करतात. नदी पुन्हा कालवा होते, दारणेसाठी शंभर वर्षांपूर्वी झाली तशी, पण या वेळी सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि पोलिसांच्या पहाऱ्यात.

महाराष्ट्रात २००५ मध्ये झालेल्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. टंचाई आली तर ती खोऱ्यातल्या सर्वांनी वाटून घ्यावी, असे त्या कायद्यात आहे. त्या आधारे २०१४ मध्ये प्राधिकरणाने एक रीत ठरवून दिली. पावसाळा संपत आला, की १५ ऑक्टोबरला हिशेब करायचा. जायकवाडीतला उपयुक्त साठा, खरिपात वापरलेले पाणी धरून, ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी खाली सोडायचे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने ही रीत ग्राह्य धरली. वाद मात्र त्यानंतरही झाले. २०२३ च्या कमी पावसानंतर ते पुन्हा ऐकू आले.

ओझरला, नाशिक जिल्ह्यातच, १९९१ पासून शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. वाघाड धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्था मोजून घेतात आणि आपसांत वाटतात. चारीच्या शेवटच्या शेतालाही पाणी पोचवायचे, हा त्यांचा हिशेब. पण एका चारीवर शेजारी एकमेकांना ओळखतात. त्र्यंबकच्या पाड्यावरची हंडा वाहणारी बाई, निफाडचा बागायतदार आणि पैठणच्या कालव्याच्या शेपटाशी असलेला शेतकरी एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये फक्त नदी आहे.

ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत धरणांच्या साठ्यांचे आकडे येतात. ते कापून वहीत चिकटवा. नाथसागराच्या उपयुक्त साठ्याचे ६५ टक्के म्हणजे सुमारे १,४११ दशलक्ष घनमीटर. त्या दिवशीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. कमी असला, तर गंगापूर आणि दारणेचे आकडेही लिहा आणि त्यांनी किती सोडावे असे तुम्हांला वाटते, ते शेजारी मांडा. वर्गात एक मुलगा नाशिकचा आणि एक मुलगी पैठणची झाली, तर उत्तर काढायला बराच वेळ लागेल. तास बुडाला तरी चालेल.